किडनी बायोप्सीची गोष्ट: अंदाजापासून स्क्रीनपर्यंत

आजचा भाग एका सुईबद्दल आहे. ही सुई पाठीतून आत जाते, किडनीचा भाताच्या शितापेक्षाही बारीक तुकडा घेते आणि बाहेर येते. तिचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. पण ते इतकं झटपट आणि सुरक्षित व्हायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली, आणि सुरुवातीच्या काळात एका डॉक्टरनं तर हे काम चक्क सोडून दिलं.

इतिहासात शिरण्याआधी एक गैरसमज बाजूला ठेवू. आपल्याकडे घरात कुणी ‘बायोप्सी’ म्हटलं की दुसऱ्याच सेकंदाला शब्द येतो ‘कॅन्सर’. आणि तिसऱ्या सेकंदाला कुणीतरी काका किंवा मावशी सांगतात, ‘सुई लावू नका हो, सुई लावली की पसरतं.’ किडनीच्या बायोप्सीत बहुतेक वेळा कॅन्सरचा प्रश्नच नसतो. लघवीतून प्रथिनं जातायत, लघवीला फेस येतोय, पायांवर सूज आहे, क्रिएटिनिन कारण नसताना वाढतंय, अशा वेळी ‘नेमकं आत काय बिघडलंय?’ एवढं विचारायला ही बायोप्सी करतात. हे लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट याच प्रश्नाभोवती फिरते.

आधी फक्त मेल्यावर दिसायचं

1827 साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरनं एक जोडणी दाखवून दिली. अंगावर सूज, लघवीत प्रथिनं (तेव्हा लघवी चमच्यात तापवून ती दह्यासारखी साकळते का ते बघायचे) आणि मृत्यूनंतर उघडलेल्या शरीरात खराब झालेली किडनी. या तिन्हींचा संबंध त्यानं लावला आणि पुढची शंभर वर्षं किडनीच्या निम्म्याअधिक आजारांना एकच नाव राहिलं, ‘ब्राइटचा आजार’.

आता यातली अडचण बघा. किडनी दिसायची ती पोस्टमॉर्टेमच्या टेबलावर. म्हणजे आजार संपल्यावर, माणसासकट. तोपर्यंत किडनी आक्रसून, कडक होऊन गेलेली असायची. आग विझल्यावर राख बघून ठिणगी कुठं पडली ते सांगायचं, असला हा प्रकार. वेगवेगळ्या कारणांनी जळालेल्या किडन्या शेवटी सारख्याच दिसायच्या. सुरुवात कशी झाली, हे कुणी पाहिलेलंच नव्हतं.

मग जिवंत माणसाची किडनी का बघत नव्हते? कारण भीती. आणि ही भीती मूर्खपणाची नव्हती. आपलं हृदय मिनिटाला जेवढं रक्त बाहेर टाकतं, त्यातलं वीस ते पंचवीस टक्के दोन किडन्यांकडे जातं. मिनिटाला साधारण एक लिटर! असल्या अवयवाला बाहेरून, न बघता सुई टोचायची म्हणजे पाइपलाइन कुठून गेलीय ते ठाऊक नसताना भिंतीत ड्रिल मारण्यासारखं.

लुंड, 1944: तेरा रुग्ण

स्वीडनमधलं लुंड हे विद्यापीठाचं गाव. तिथं निल्स आल्वाल नावाचे डॉक्टर होते. डायलिसिसच्या इतिहासात यांचं नाव मोठं आहे, कृत्रिम किडनीच्या सुरुवातीच्या यंत्रांवर त्यांनी काम केलं. 1944 साली आल्वाल यांनी एक्स-रेवरून किडनीची जागा ठरवून सुईनं तिचा तुकडा काढायला सुरुवात केली. तेरा रुग्णांवर त्यांनी हे केलं.

त्यातला एक रुग्ण दगावला आणि आल्वाल थांबले. नुसते थांबले नाहीत, हे काम त्यांनी कित्येक वर्षं छापलंही नाही. ते प्रसिद्ध झालं 1952 साली, तेव्हा दुसऱ्यांनी आपलं काम जगापुढे मांडलेलं होतं.

मला या गोष्टीपाशी थोडं थांबावंसं वाटतं. आपण इतिहास ऐकतो तो ‘पहिला कोण’ या शर्यतीचा. पण इथं जो पहिल्यांपैकी एक होता, तो मागे फिरला. त्याचं चुकलं का? 1944 साली समजा आल्वाल यांना तुकडा मिळाला, सूक्ष्मदर्शकाखाली आजार अगदी स्पष्ट दिसला, तर पुढे रुग्णाला द्यायला काय होतं? आराम, मीठ कमी, आहारात बदल. बस. ज्या तपासणीनं उपचार बदलत नाही, तिच्यासाठी जीव धोक्यात घालायचा का, हा प्रश्न तेव्हा अगदी खरा होता. माझ्या मते आल्वाल यांचं थांबणं भित्रेपणाचं नव्हतं. त्या दिवशीच्या हिशोबात तराजूचं दुसरं पारडं रिकामं होतं, इतकंच.

कोपनहेगन, 1951: बसलेला रुग्ण

शेजारच्या डेन्मार्कमध्ये पॉल इव्हर्सेन हे डॉक्टर सुईनं यकृताची बायोप्सी करत होते. 1939 साली त्यांनी सहकारी काय रोहोल्म यांच्यासोबत ते काम प्रसिद्ध केलं होतं. हात बसलेला होता. मग तीच पद्धत त्यांनी तरुण सहकारी क्लाउस ब्रून यांच्यासोबत किडनीकडे वळवली आणि 1951 साली त्यांचा लेख एका अमेरिकन मासिकात आला. जगानं सुईच्या किडनी बायोप्सीची दखल घेतली ती इथून.

पद्धत कशी होती? रुग्णाला बसवायचं. आधी शिरेतून औषध देऊन एक्स-रे काढायचा, म्हणजे किडनीची सावली दिसते. त्यावरून पाठीवर खूण करायची, सुई आत घालायची आणि सिरिंजनं ओढायचं. निघालं तर निघालं. बऱ्याच वेळा पुरेसा तुकडा हाती लागायचाच नाही. विचार करा, एक्स-रे काढला तेव्हा किडनी एका जागी होती, आणि रुग्ण बसला, श्वास घेतला की ती काही सेंटिमीटर वर-खाली सरकते. म्हणजे कालच्या लोकेशनवर आज रिक्षा बोलावण्यातला प्रकार!

तरी ब्रून यांनी यातून मोठं काम केलं. किडनी अचानक बंद पडलेल्या, लघवीच थांबलेल्या रुग्णांची किडनी त्या क्षणी कशी दिसते, हे त्यांना पाहता आलं. पोस्टमॉर्टेममध्ये जी राख दिसायची, तिच्याऐवजी पेटती आग दिसू लागली होती.

शिकागो, 1954: पोटावर झोपा

आता या गोष्टीतलं माझं सगळ्यात आवडतं वळण. रॉबर्ट कार्क हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, काम शिकागोत. त्यांचे सहकारी रॉबर्ट मुर्के. या दोघांनी नवीन यंत्र शोधलं नाही. त्यांनी तीन साध्या गोष्टी बदलल्या.

पहिली: रुग्णाला पोटावर झोपवलं आणि पोटाखाली उशीसारखा आधार दिला. त्यामुळे किडनी पाठीच्या बाजूला टेकते आणि कमी पळते.

दुसरी: सुई बदलली. सिरिंजनं ओढायच्या ऐवजी व्हिम-सिल्व्हरमन सुई वापरली. हिच्या आत चिमट्यासारखी दोन पाती असतात, ती ऊतकात शिरतात आणि बाहेरची नळी वरून पुढे सरकली की मधला तुकडा पकडला जातो. या सुईत फ्रँकलिन यांनी केलेला बदल असा होता की तुकडा पात्यांमध्ये नीट अडकून राहावा.

तिसरी, आणि ही खरी गंमत: आधी एक बारीक सुई हळूहळू आत न्यायची. मग रुग्णाला सांगायचं, खोल श्वास घ्या. सुईचं टोक किडनीत असेल तर बाहेर राहिलेला भाग श्वासाबरोबर झुलायला लागतो. नुसत्या स्नायूत असेल तर एवढा झुलत नाही. स्क्रीन नाही, सोनोग्राफी नाही. किडनीनं स्वतःच हात हलवून ‘मी इथं आहे’ सांगायचं, डॉक्टरनं ते बघायचं, खोली मोजायची आणि मग त्याच वाटेनं मोठी सुई न्यायची.

1954 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला. यश 96 टक्के, मोठी गुंतागुंत एकही नाही. ज्या तपासणीला लोक जुगार म्हणत होते, ती तीन-चार वर्षांत शिकवण्याजोगी पद्धत झाली.

याच सुमारास रिकामं पारडंही भरायला लागलं. 1949 साली कॉर्टिसोनचा संधिवातावरचा परिणाम जगापुढे आला, 1950 साली त्याला नोबेल मिळालं. स्टेरॉइड आली आणि किडनीच्या काही आजारांवर ती जादूसारखी चालतात, काहींवर अजिबात नाही, हे दिसायला लागलं. म्हणजे आता ‘नेमकं आत काय बिघडलंय?’ या प्रश्नाच्या उत्तरावर रुग्णाला कोणतं औषध मिळणार ते ठरत होतं. आल्वाल यांच्या हिशोबात नसलेला आकडा तो हाच.

पुढची वीस वर्षं म्हणजे शोधांची रांगच. 1957 साली कार्क, मुर्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युपस या आजारात किडनी कशी बिघडते ते तुकड्यांवरून मांडलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की, ज्या मुलांची किडनी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली नॉर्मल वाटते, त्यांच्या गाळणीवरच्या पेशींचे बारीक पाय सपाट झालेले असतात. 1968 साली पॅरिसमध्ये जाँ बर्जे आणि निकोल हँग्ले यांनी आज आपण ‘आयजीए नेफ्रोपॅथी’ म्हणतो तो आजार वेगळा काढला. ‘ब्राइटचा आजार’ नावाच्या एका गाठोड्यातून असे कितीतरी वेगळे आजार बाहेर आले. हे सगळं जिवंत माणसांनी दिलेल्या त्या बारीक तुकड्यांमुळे.

कारखान्यातलं यंत्र आणि डिकीतल्या गाठी

आता सोनोग्राफी. तिची गोष्ट वेगळ्याच रस्त्यानं येते, स्कॉटलंडमधल्या एका कारखान्यातून. बॉयलर बनवताना धातूत आतून तडा गेलाय का, हे बघायला आवाजाच्या लहरी वापरायचे. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड 1955 साली ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून त्या कारखान्यात घेऊन गेले. लोखंडातला दोष शोधणारं यंत्र मांसातला फरक दाखवतं का, ते बघायला! दाखवत होतं. 1958 साली डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकार आणि इंजिनिअर टॉम ब्राउन यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पोटाच्या सोनोग्राफीचा पाया पडला.

त्यानंतर तीनच वर्षांनी, 1961 साली, जेफ्री बर्लाइन यांनी किडनी बायोप्सीआधी तिची जागा ठरवायला अल्ट्रासाऊंड वापरलं. पण ‘सोनोग्राफी’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येतं ते हलतं चित्र तेव्हा नव्हतं. स्क्रीनवर फक्त रेषेतून वर उठणारी टोकं. लहर गेली, आदळली, परत आली, तेवढ्यावरून खोली काढायची. त्यात एक्स-रेचे किरण नव्हते, आणि ज्यांच्या किडन्या इतक्या बिघडल्यात की एक्स-रेचं औषध त्या बाहेर टाकूच शकत नाहीत, त्यांच्यासाठीही ते चालायचं. हा फायदा मोठा होता, कारण बायोप्सीची गरज अनेकदा अशाच रुग्णांना असते.

1972 च्या आसपास डेन्मार्कमध्ये हान्स हेन्रिक होल्म आणि त्यांची टीम, आणि अमेरिकेत बॅरी गोल्डबर्ग, यांनी एकाच धाटणीची युक्ती मांडली. प्रोबच्या मधोमध भोक पाडलं आणि सुई त्याच भोकातून आत घातली. जिथून आवाज जातो तिथूनच सुई जाते. पुढे हलतं, त्या क्षणाचं चित्र दाखवणारी यंत्रं दवाखान्यांत पसरली आणि सुईचं टोक पांढऱ्या ठिपक्यासारखं आत सरकताना दिसू लागलं. 1982 साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या पेर लिंडग्रेन यांनी स्प्रिंगवर चालणारी बायोप्सी गन मांडली. खटका दाबला की आतली सुई आणि बाहेरची नळी एकामागोमाग सुटतात. हाताचा थरथराट, पात्यांची कसरत, सगळं गेलं. उरला तो एक ‘खट्ट’ आवाज.

आज टेबलावर काय होतं

रुग्ण पोटावर झोपतो. डॉक्टर प्रोब फिरवून किडनीचं खालचं टोक शोधतात. खालचंच का? वरच्या टोकाजवळ बरगड्या आणि फुप्फुसाची कड, मध्यभागी मोठ्या रक्तवाहिन्या. खालच्या टोकाच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे सालीसारख्या थरात, आपल्याला हव्या त्या गाळण्या असतात आणि मोठ्या नळ्या नसतात. कातडीपासून किडनीच्या आवरणापर्यंत भुलीचं इंजेक्शन. मग गन आधी हवेत एकदा वाजवून दाखवतात, म्हणजे आवाजानं रुग्ण दचकत नाही. ‘श्वास घ्या... धरा... खट्ट... सोडा.’ बहुतेक वेळा दोन तुकडे घेतात. प्रत्यारोपण केलेली किडनी असेल तर काम आणखी सोपं, ती पुढे जांघेच्या वर कातडीजवळच बसवलेली असते आणि श्वासाबरोबर फारशी हलत नाही.

एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. तुकड्यात दहा-वीस मिळाल्या तरी पॅथॉलॉजिस्ट बहुतेक वेळा खूश. म्हणून ‘तुकडा काढला की किडनी अधू होते’ ही भीती गणितात बसत नाही. दहा लाखांतल्या वीस, तुम्हीच हिशोब करा.

मग धोका नाहीच का?

आहे. आणि तो लपवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. 2020 साली एका मोठ्या अभ्यासात 87 अभ्यास एकत्र केले गेले, मिळून 1,18,064 बायोप्सी. त्यात दिसलं ते असं: लघवीतून डोळ्यांना दिसेल असं रक्त सुमारे 4 टक्के लोकांना. किडनीभोवती रक्त साकळणं सुमारे 11 टक्के. रक्त चढवावं लागलं 1.6 टक्के लोकांना. रक्तस्राव थांबवायला काही प्रक्रिया करावी लागली 0.3 टक्के. मृत्यू 0.06 टक्के, म्हणजे दहा हजारांत सहा. आधीच खूप आजारी असलेल्या, दवाखान्यात दाखल असलेल्या रुग्णांत हे धोके जास्त.

हे आकडे कशानं कमी होतात? सुई बघून घातल्यानं, हे तर झालंच. पण आणखी तीन गोष्टी आहेत आणि त्या दिसायला अगदी साध्या आहेत. एक, सुईची जाडी. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. 2012 सालच्या एका अभ्यासात 14 नंबरच्या जाड सुईनं रक्त चढवावं लागण्याचं प्रमाण 2.1 टक्के होतं, तर 16-18 नंबरच्या सुयांनी 0.5 टक्के. दोन, आधीची तयारी: ब्लड प्रेशर ताब्यात, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना सांगणं. अशी गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही आणि लपवायचीही नाही. तीन, नंतरची वाट बघणं. शिकागोतल्याच 750 बायोप्सींच्या एका अभ्यासानं 2004 साली दाखवलं की पहिल्या आठ तासांत रुग्णाला घरी सोडलं तर साधारण एक तृतीयांश गुंतागुंती नजरेतून सुटतात. म्हणून ‘मला काही होत नाहीये, घरी जाऊ का?’ या प्रश्नावर सिस्टर ‘झोपून राहा’ म्हणतात, तेव्हा त्यामागे मोजलेले तास असतात.

म्हणजे बघा, सुरक्षितता एकट्या यंत्रानं आणली नाही. कार्क यांची उशी, झुलती सुई, सोनोग्राफीचं चित्र, स्प्रिंगची गन, आणि नंतर कंटाळा न करता मोजलेले, छापलेले वाईट परिणाम. आल्वाल यांनी आपला तो एक मृत्यू अखेर जगापुढे मांडला, हेही त्यातच आलं.

आपल्याकडची एक गोष्ट जाता जाता. सोनोग्राफीच्या खोलीत किडनी तपासायला गेलात तरी भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ असा बोर्ड दिसतो. ग्लासगोत गर्भाशयातल्या गाठी ओळखायला वापरलेलं तंत्र आपल्या देशात मुलींच्या जिवावर उठलं. म्हणून महाराष्ट्रानं 1988 साली आणि देशानं 1994 साली कायदा केला आणि सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी सक्तीची झाली. तेच यंत्र एका खोलीत सुईला वाट दाखवतं आणि दुसऱ्या खोलीत गुन्हा करू शकतं. यंत्राला यातलं काहीच कळत नाही. ठरवतो तो प्रोब धरणारा हात.

तर मंडळी, घरात कुणाला किडनी बायोप्सी सांगितली असेल, तर घाबरून नकार देण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न नक्की विचारा. या तपासणीच्या उत्तरानं माझा उपचार बदलणार आहे का? माझ्या बाबतीत धोका किती आहे? आणि नंतर किती तास थांबायचं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर 1944 च्या त्या तेरा जणांपेक्षा तुमचं पारडं फार जड आहे.

भाग आवडला तर घरातल्या त्या ‘सुई लावली की पसरतं’ म्हणणाऱ्या काकांना आवर्जून फॉरवर्ड करा. काळजी घ्या, पाणी प्या, पुढच्या भागात भेटू!